ध्रुव वीतभर वर: रात्रभर फिरणारं उत्तरेचं आकाश कसं पाहायचं

सप्तर्षी कधीच मावळत नाहीत, असं बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं. माझ्याकडच्या पहिल्या पुस्तकातही होतं. त्याच्या भरवशावर मी एका नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मावळातल्या एका शेतावर रात्री आठपासून उत्तरेकडे तोंड करून बसलो. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजून गेले, तरी सप्तर्षींचा पत्ता नाही. बाराच्या सुमारास ईशान्येच्या धुरकटातून दोन तारे वर आले. ते सप्तर्षींतले पहिले दोन, क्रतू आणि पुलह होते. मग एकेक करत बाकीचे आले आणि शेवटचा मरीची दिसायला सव्वातीन वाजले. तोवर मी गोधडीत गुरफटून बसलो होतो आणि झोप पार उडाली होती, कारण सात तारे एका पाठोपाठ एक जमिनीतून उगवताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुस्तक खोटं नव्हतं, ते दुसऱ्या अक्षांशासाठी लिहिलेलं होतं. लंडनमधून सप्तर्षी खरोखरच मावळत नाहीत. आपल्याकडे मावळतात, आणि रोज मावळतात. महाराष्ट्रातून आणि गोव्यातून उत्तरेचं आकाश पाहायला बसणाऱ्याने हे आधी डोक्यात पक्कं करावं. आपला ध्रुव बुटका आहे, क्षितिजापासून जेमतेम वीतभर वर. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या चाकाचा खालचा मोठा भाग जमिनीआड असतो. हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

या लेखात एका रात्रीत ते चाक फिरताना स्वतःच्या डोळ्यांनी कसं पाहायचं, त्याची नोंद कशी ठेवायची आणि ते किती फिरलं हे कसं मोजायचं, ते सांगतो. दुर्बीण लागत नाही. कागद, पेन्सिल, कंपास पेटीतलं कोनमापक, दोरा आणि त्याला बांधायला एखादं नट किंवा छोटा दगड एवढ्यावर काम भागतं.

रात्र कोणती निवडायची

पहिल्या प्रयत्नासाठी जानेवारी. पौष अमावास्येच्या आसपासची रात्र सापडली तर उत्तम. रात्र मोठी असते, हवा कोरडी असते, आणि मुख्य म्हणजे एकाच रात्रीत संध्याकाळी शर्मिष्ठा आणि पहाटे सप्तर्षी अशी दोन्ही ठळक मंडळं आपापल्या जागा बदलताना दिसतात. अमावास्येच्या चार दिवस अलीकडे-पलीकडे चालेल. पौर्णिमेच्या आसपास मात्र चांदण्यात फिकट तारे धुऊन निघतात. जून ते सप्टेंबर हा विषय बाजूला ठेवलेलाच बरा.

जागा

उत्तरेची बाजू मोकळी हवी, ही एकच अट खरी महत्त्वाची आहे. बाकी आकाश झाडांनी झाकलेलं असलं तरी चालेल. ध्रुव इतका खाली असतो की समोर दोनमजली घर किंवा जवळचा डोंगर असला तर तोच दिसत नाही. दुसरी गोष्ट, उत्तरेला मोठं शहर नको. पुण्याच्या दक्षिणेला पन्नास किलोमीटरवर बसलात तर शहराच्या उजेडाचा फुगा नेमका ध्रुवाच्या अंगावर येतो. त्याऐवजी शहराच्या उत्तरेला जा, म्हणजे उजेड पाठीमागे राहतो. लोक अंधारी जागा शोधतात, पण उजेड कोणत्या दिशेला आहे याचा विचार करत नाहीत.

मुंबईकर हौशी निरीक्षक वर्षानुवर्षं कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला जातात. विदर्भातल्यांसाठी पेंच आहे. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. एकट्याने सुरुवात करायची नसेल तर पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ, कल्याणचं आकाशमित्र मंडळ अशा संस्थांसोबत एक रात्र काढा. शेजारी जाणकार माणूस बसलेला असला की दोन तासांत जे कळतं ते एकट्याला महिनाभर कळत नाही.

शेत कुणाचं असेल तर त्याला विचारून बसा. बसण्याची जागा उजेड असतानाच बघून, झाडून घ्या. सतरंजी, गोधडी, कानटोपी, थर्मास, आणि टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन पेपरचे दोन-तीन थर. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि मोबाईलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ती मेहनत वाया जाते.

ध्रुव शोधणं

शास्त्रग्रंथांत अरुंधतीदर्शनन्याय सांगितला आहे. बारीक तारा दाखवायचा तर आधी त्याच्या जवळचा मोठा दाखवावा आणि तिथून नजर हळूच सरकवावी. ध्रुवाला हा न्याय तंतोतंत लागू पडतो, कारण ध्रुव हा काही लखलखीत तारा नाही. तेजस्वितेत त्याचा नंबर पन्नासच्या आसपास लागतो. त्यात तो आपल्याकडे इतका खाली की हवेचा जाड थर मधे येतो आणि तो आणखी अंधुक होतो. कोकणात आणि गोव्यात हे जास्त जाणवतं. "सगळ्यात मोठा तारा म्हणजे ध्रुव" या समजापायी लोक शुक्राकडे किंवा व्याधाकडे बोट दाखवतात.

म्हणून आधी उंची ठरवा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश. पणजीला साधारण साडेपंधरा अंश, कोल्हापूरला पावणेसतरा, पुण्याला साडेअठरा, मुंबईला एकोणीस, नागपूरला एकवीस. हात सरळ पुढे ताणून पंजा पूर्ण फाकवला की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत वीसेक अंश भरतात. मूठ आवळली तर तिची रुंदी दहा अंश. तेव्हा उत्तरेला तोंड करा, हात ताणून वीत उभी धरा, करंगळी क्षितिजावर टेकवा. अंगठ्याच्या टोकाजवळ जो एकटा, आसपास कुणी तोलामोलाचा शेजारी नसलेला तारा दिसेल तो ध्रुव. लहान मुलाची वीत लहान, पण त्याचा हातही आखूड, म्हणून हिशेब त्याच्यासाठीही जवळपास तोच येतो.

उत्तर दिशा होकायंत्राने घेतली तरी चालते. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही. मोबाईलचं होकायंत्र मात्र गाडीच्या टपाजवळ किंवा लोखंडी फाटकाजवळ धरू नका.

आता खात्री करून घ्यायची. जानेवारीच्या संध्याकाळी त्यासाठी शर्मिष्ठा कामाला येते. पाच तारे, ध्रुवाच्या वर असताना इंग्रजी एम अक्षरासारखे. एमचं जे मधलं टोक खाली आलेलं असतं, त्याच्या रोखाने साधारण तीन मुठी सरकलात की ध्रुव. उन्हाळ्यात आणि पहाटे सप्तर्षी आहेतच. त्यांत चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. चौकोनाच्या बाहेरच्या, शेपटीपासून लांबच्या कडेचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून तेवढंच अंतर पाच वेळा पुढे न्यायचं.

सप्तर्षींची नावं एकदा ओळीने पाठ करून टाका: क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री हे चौकोनाचे, मग शेपटीचे अंगिरस, वसिष्ठ, मरीची. वसिष्ठाच्या अगदी लगत अरुंधती. गावाकडे कित्येक घरांत याच चौकोनाला बाज किंवा बाजलं म्हणतात. विदर्भातल्या गोंड समाजात ती म्हातारीची खाट आहे आणि मागचे तीन तारे म्हणजे खाट चोरायला आलेले तीन चोर. मुलांना आकृती लक्षात ठेवायला हीच गोष्ट जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

बैठक पक्की करणं

ही पायरी नवखे लोक गाळतात आणि मग सकाळी म्हणतात, "फिरलं असेल बहुतेक." नुसत्या नजरेला आकाश फिरताना दिसत नाही. तासाला पंधरा अंश हा वेग डोळ्याला जाणवायला फार संथ आहे. न हलणाऱ्या खुणेशी तुलना केली तरच तो कळतो.

म्हणून अशी जागा धरा की ध्रुव एखाद्या स्थिर वस्तूच्या टोकाला टेकलेला दिसेल: घराचा आढा, विजेच्या खांबाचं टोक, कुंपणाचा दगडी खांब. नारळाचं झाड नको, ते डुलतं. तुम्ही जिथे बसलात तिथे चुन्याने किंवा चार दगडांनी खूण करा. पुढच्या वेळी डोकं त्याच जागी, त्याच उंचीवर यायला हवं. मी पाटावर बसतो आणि पाट हलवत नाही.

रात्रभर अधूनमधून खुणेकडे पाहा. बाकी सगळे तारे सरकले, ध्रुव मात्र खांबाच्या टोकाला जसाच्या तसा, हे पाहिल्यावर अढळपद या शब्दाचा अर्थ वेगळ्याच तऱ्हेने कळतो. खरं तर तोही तसूभर सरकतो. आकाशाचा खरा उत्तर बिंदू ध्रुवापासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे, त्यामुळे ध्रुव स्वतःही एक बारीक वर्तुळ काढतो. त्या वर्तुळाची रुंदी जेमतेम अडीच पौर्णिमेच्या चंद्रांएवढी. खांबाशी फार काटेकोर तुलना केलीत तर संध्याकाळ आणि पहाट यांत तो किंचित हललेला दिसू शकतो, आणि तसा दिसला तर तुमची बैठक चांगली आहे असं समजा.

तीन चित्रं

एका कागदाच्या खालच्या भागात मधोमध ध्रुवाचा ठिपका काढा. त्याच्या खाली आडवी रेघ, म्हणजे क्षितिज. ध्रुवातून वर जाणारी एक उभी रेघ. अशा तीन प्रती करा. चित्रकला येत नसली तरी अडत नाही, ताऱ्यांची जागा आणि वेळ नोंदली म्हणजे झालं.

पुढची वर्णनं जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याची, पुण्याच्या अक्षांशाची आहेत. पंधरा दिवस अलीकडे बसलात तर हीच दृश्यं तासभर उशिरा, पंधरा दिवस पलीकडे बसलात तर तासभर लवकर.

संध्याकाळी साडेसात. शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर, उभ्या रेघेच्या डावीकडे कललेली, क्षितिजापासून चार मुठींहून थोडी अधिक उंच. उजवीकडे ईशान्येला काहीच नाही. सप्तर्षींपैकी क्रतू तेवढा क्षितिजावर आलेला असतो, पण धुरकटात दिसत नाही. कोरा भाग कोराच ठेवा, त्याचीही नोंद आहे.

रात्री साडेअकरा. माझ्या मते हे तिघांतलं सगळ्यात सुंदर दृश्य. शर्मिष्ठा घसरून ध्रुवाच्या थेट डावीकडे आली आहे, जवळपास त्याच्याच उंचीला. उजवीकडे सप्तर्षी उभे आहेत, चौकोन वर आणि शेपूट खाली, मरीची नुकता क्षितिज सोडून अर्धी मूठ वर आलेला. दोघांच्या मधे ध्रुव. तराजूची दोन पारडी आणि मधे काटा. ही स्थिती फार वेळ टिकत नाही. तासाभरात शर्मिष्ठा धुक्यात विरायला लागते.

शर्मिष्ठेच्या आकाराकडे जरूर लक्ष द्या. ती उगवते तेव्हा, म्हणजे ध्रुवाच्या उजवीकडे असताना, मराठी ३ सारखी दिसते. मावळताना डावीकडे असते तेव्हा ६ सारखी. छत्तीसच्या आकड्यात तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. इथे मात्र डावीकडे ६ आणि उजवीकडे ३, म्हणजे त्रेसष्ट. उगवताना आणि मावळतानाही तिचं तोंड ध्रुवाकडेच. आकृती स्वतःभोवती गरगरत नाही, ती जात्याच्या पाळीवर चिकटलेल्या दाण्यासारखी जात्याबरोबर फिरते. त्यामुळे ती आडवी, उभी, उलटी झाल्यासारखी दिसते. नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. तो पुस्तकातली आकृती सरळ धरून आकाशात शोधतो. पुस्तक फिरवून धरा.

पहाटे साडेपाच. सप्तर्षी ध्रुवाच्या डोक्यावर, उलटे. चौकोन उभ्या रेघेच्या डावीकडे, शेपूट उजवीकडे. शर्मिष्ठा गायब. संध्याकाळी उजवीकडे काही नव्हतं, आता डावीकडे काही नाही. सप्तर्षींच्या खाली, ध्रुवाच्या वर आणि थोडे उजवीकडे, दोन मध्यम तारे जोडीने दिसतील. ध्रुव ज्या मंडळाच्या एका टोकाला आहे त्या ध्रुवमत्स्याच्या दुसऱ्या टोकाचे ते. त्यांच्यातला जास्त ठळक आपल्या अक्षांशावर तत्त्वतः मावळत नाही. पण वर्तुळाच्या तळाशी असताना तो क्षितिजापासून तीन अंशसुद्धा वर नसतो, तेव्हा प्रत्यक्षात दिसला तर नशीब समजायचं. पुण्यातून खरोखर कधीच न मावळणारे तारे म्हणजे ध्रुवापासून साडेअठरा अंशांच्या आतले. त्यांत ध्रुव सोडला तर डोळ्यात भरणारं फारसं कुणी नाही. आपल्या डोक्यावर दक्षिणेचं आकाश जास्त येतं, त्याची ही किंमत.

किती फिरलं, ते मोजणं

गवंडी ओळंबा धरतात तसा दोरा धरायचा आहे. दोऱ्याला नट बांधा, हात पुढे ताणा आणि दोरा ध्रुवावरून जाईल असा लोंबू द्या. कोनमापकाचं मधलं छिद्र ध्रुवावर आणा, नव्वदची खूण दोऱ्याच्या रेषेत वर ठेवा. आता ध्रुवापासून क्रतूपर्यंत मनाने रेघ ओढा आणि ती उभ्या रेषेपासून किती अंश कललेली आहे ते वाचा. दोघं असाल तर एकाने दोरा धरावा, दुसऱ्याने वाचावं. कोनमापक क्षितिजाला सरळ उभं न धरता ध्रुवाच्या दिशेला तोंड करून किंचित मागे कलतं धरा, म्हणजे आकडा अचूक येतो.

साडेअकराला क्रतू उभ्या रेषेच्या उजवीकडे साधारण साठ अंश असतो. साडेपाचला डावीकडे तीसच्या आसपास. बेरीज नव्वद, तास सहा, तासाला पंधरा अंश. तुमचा आकडा पाच-सात अंशांनी चुकला तरी घाबरू नका, हाताने धरलेल्या कोनमापकाला एवढं माफ. चोवीस तासांत तीनशे साठ अंश, हा हिशेब शाळेत ऐकलेला असतो. दोऱ्याने आणि नटाने तो स्वतः काढल्यावर पहाटेच्या थंडीतही माणूस हसतो, हे मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

दिशेबद्दल एक गोष्ट. उत्तरेकडे तोंड केल्यावर सगळं चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. ध्रुवाच्या वरचे तारे उजवीकडून डावीकडे जातात, खालचे डावीकडून उजवीकडे. एकदा एका आजींनी मला विचारलं होतं, "ध्रुवाला प्रदक्षिणा घालतात म्हणता, मग उलटी कशी?" प्रश्न अगदी रास्त आहे. देवळात आपण देवाला उजवी घालतो ती वरून पाहिली तर घड्याळाच्या दिशेने असते. कळसावरून नाही तर जमिनीखालून पाहता आली असती तर तीच उलटी दिसली असती. आपण आकाशाचा घुमट आतून, खालच्या बाजूने पाहतो. तारे उजवीच घालतात.

असं का होतं, हे छत्रीने दाखवणं

मुलं सोबत असतील तर दिवसाउजेडी हे करून ठेवा. जुनी काळी छत्री घ्या. आतल्या बाजूला, दांडी कापडाला जिथे भिडते तो ध्रुव. खडूने एका बाजूला सप्तर्षी आणि बरोबर समोरच्या बाजूला शर्मिष्ठा काढा. सप्तर्षींतले क्रतू-पुलह ध्रुवाकडे बोट दाखवतील असे असू द्या. आता छत्रीत डोकं घालून दांडी थोडीशीच वर रोखा, जमिनीशी वीस अंशांचा कोन होईल इतपत, आणि छत्री घड्याळाच्या उलट दिशेला सावकाश फिरवा. समोर टेबल ठेवलंत तर त्याची कड क्षितिज होते आणि छत्रीचा खालचा भाग तिच्याआड जातो. सप्तर्षी उजवीकडून टेबलाच्या वर येतात, डोक्यावरून जातात, डावीकडे बुडतात. छत्रीला आठ काड्या असतील तर एका काडीपासून दुसरीपर्यंत तीन तास.

मग दांडी जास्त उभी करा, पन्नास अंशांपर्यंत. आता सप्तर्षी टेबलाखाली जातच नाहीत. हे लंडनचं आकाश. दांडी आडवी केली की विषुववृत्त, आणि टेबलाखाली रोखली की सिडनी. तिथे राहणाऱ्या नातेवाइकांना ध्रुव कधीच दिसत नाही.

अर्थात फिरतं ते आकाश नव्हे. फिरतो आपण, पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि पृथ्वीचा आस सध्या ध्रुवाच्या जवळ रोखलेला आहे. सध्या म्हणायचं कारण असं की हा आस भोवऱ्यासारखा डुलतो, सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरा. पिरॅमिड बांधले जात होते त्या काळी कालेय मंडळातला ठुबान हा तारा उत्तर बिंदूजवळ होता. आपला ध्रुव अजून थोडा जवळ सरकतो आहे आणि साधारण २१०० सालाच्या सुमारास सर्वांत जवळ असेल.

रोजची चार मिनिटं

पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी ताऱ्यांच्या हिशेबाने २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. त्यामुळे आज साडेनऊला जिथे सप्तर्षी असतात, तिथे ते उद्या ९ वाजून २६ मिनिटांनी असतात. आठवड्यात अर्धा तास, महिन्यात दोन तास. हा एकच आकडा लक्षात ठेवला तर वर्षभराचं वेळापत्रक तोंडी तयार होतं. क्रतू-पुलह ध्रुवाच्या अगदी डोक्यावर येतात ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास. म्हणजे मार्चमध्ये साडेअकराला, फेब्रुवारीत दीडला, मे महिन्यात संध्याकाळी साडेसातला. शर्मिष्ठा डोक्यावर येते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साडेनऊला. बाकीचं तुम्ही काढा. नागपूरकडच्यांनी या वेळांतून वीसेक मिनिटं वजा करावीत, ते पूर्वेला आहेत.

यातून एक गंमतशीर अडचण निघते. लग्नात वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवायची पद्धत आहे. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, पण नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री नऊला सगळे सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. अरुंधती पहाटे दोननंतर येते. ध्रुव असतो, पण कार्यालयाच्या रोषणाईत दिसत नाही. अरुंधती खरोखर दाखवायची हौस असेल तर मार्च ते जूनमधलं लग्न धरा, आणि पाच मिनिटं गच्चीवरचे दिवे बंद करायला सांगा. वधूवरांना वसिष्ठाला चिकटलेला तो बारीक तारा दिसला की बघणाऱ्या सगळ्यांची गर्दी होते.

फोटो घ्यायचा असेल तर

तिपाई हवीच. मोबाईल उभा धरा, म्हणजे खाली झाडं आणि वर सप्तर्षी दोन्ही चौकटीत मावतात. ध्रुव चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवा. प्रो मोडमध्ये आयएसओ ८०० ते १६००, शटर ३० सेकंद, फोकस अनंतावर. एकच लांबलचक फोटो काढू नका. तीस-तीस सेकंदांचे लागोपाठ फोटो काढा, दोन तासांचे दोनशे चाळीस होतात. स्टारस्टॅक्स या मोफत सॉफ्टवेअरने ते एकावर एक रचले की प्रत्येक ताऱ्याचा तीस अंशांचा कंस उमटतो. कॅमेरा असेल तर त्यातली लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शनची सोय बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तो तितकाच वेळ थांबतो आणि कंस तुटक येतात. मध्यरात्रीनंतर दव पडतं. दर अर्ध्या तासाने भिंग मऊ कापडाने हलकेच टिपा, तिपाईला धक्का न लावता. पॉवर बँक गुंडाळून गोधडीखाली ठेवा, थंडीत ती लवकर उतरते.

आधी चित्रं, मग फोटो, हा क्रम मात्र सोडू नका. कॅमेरा लावला की लक्ष त्याच्यातच अडकतं. रात्र संपते, फोटो सुरेख येतो, आणि शर्मिष्ठा कधी मावळली ते आठवत नाही.

तिन्ही कागदांवर तारीख, वेळ, जागा लिहा आणि जपून ठेवा. पहाटे साडेपाचचं चित्र घेऊन एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच शेतात, त्याच दगडांमधे, रात्री साडेअकराला जाऊन बसा. लाल उजेडात कागद डोळ्यांसमोर धरा. तीन महिने आणि सहा तास, दोन्हींचा हिशेब मिटून सातही तारे कागदावरच्या ठिपक्यांवर बसलेले असतील.